फुकट शिकण्याचा हिशेब

मदरशात शिक्षण फुकट असतं, हे वाक्य आपल्याकडे दोन प्रकारची माणसं बोलतात. एक, जी आपला मुलगा तिथं पाठवतात. दुसरी, जी त्या मुलाकडे जरा वरून बघतात. पहिल्यांच्या बोलण्यात हायसं वाटणं असतं, दुसऱ्यांच्या बोलण्यात कीव. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे हे वाक्य दोन्ही सुरांत ऐकत आलोय. मला त्यातला 'फुकट' हा शब्द खटकतो. जेवण शिजतं म्हणजे कोणीतरी पीठ आणलेलं असतं. उस्ताद शिकवतो म्हणजे त्याच्या घरी चूल पेटवायची सोय कोणीतरी केलेली असते. कोण भरतं, का भरतं, आणि शिकणारा ते कशाच्या रूपात फेडतो? हे पाहायचं तर देवबंदला जावं लागतं. सरकारी पैशाशिवाय, फी न घेता चालणाऱ्या धार्मिक उच्च शिक्षणाचा जो नमुना आज आपण गावोगावी बघतो, तो तिथं तयार झाला.

देवबंद हा उत्तर प्रदेशातल्या सहारनपूर जिल्ह्यातला कसबा, दिल्लीच्या उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटरवर. ३० मे १८६६ रोजी तिथल्या छत्ता मशिदीच्या अंगणात, डाळिंबाच्या झाडाखाली एक उस्ताद आणि एक विद्यार्थी बसले. उस्तादाचं नाव मुल्ला महमूद, विद्यार्थ्याचं महमूद हसन. दारुल उलूमची सुरुवात याच धड्यापासून मोजतात. विद्यार्थी पंधरा वर्षांचा होता. पुढे त्याला शैखुल हिंद म्हणू लागले, पण ते नंतर.

१८५७ होऊन नऊच वर्षं झाली होती. त्याआधी आपल्याकडे इल्मची रीत वेगळी होती. 'संस्था' म्हणावी असं फारसं काही नसायचं. एखादा आलिम एखादं पुस्तक शिकवण्यासाठी नावाजलेला असायचा, विद्यार्थी चालत त्याच्याकडे जायचा, ते पुस्तक संपवून दुसऱ्या गावी दुसऱ्या उस्तादाकडे. फी नसायची. नवाब, जमीनदार, वक्फची जमीन यांवर ते सगळं चालायचं. बंडानंतर देणारे हातच मोडले. दिल्ली उजाड झाली, जमिनी जप्त झाल्या, आणि उरलेल्या अमिरांना इंग्रजांची मर्जी सांभाळायची होती. म्हणजे प्रश्न फक्त दीन वाचवण्याचा नव्हता, रोकड कुठून आणायची हाही होता.

हाजी आबिद हुसैन यांची गोष्ट देवबंदच्या इतिहासात आवर्जून सांगतात. त्यांनी रुमाल पसरला, आधी स्वतःचे तीन रुपये त्यात टाकले आणि घरोघर फिरले. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही, कारण रमजानमध्ये पावतीपुस्तक घेऊन येणारा सफीर आपण दर वर्षी बघतो. पण तेव्हा ही पद्धत नवी होती. एका मोठ्या दात्याच्या जागी शेकडो लहान दाते बसवायचे, असा तो विचार होता.

त्याला लेखी रूप दिलं मौलाना कासिम नानौतवी यांनी, आठ कलमांत. ही आठ कलमं मी माझ्या बीएडच्या काळात पहिल्यांदा वाचली. त्या वेळी आम्ही शाळा व्यवस्थापन शिकत होतो, आणि प्रत्येक पुस्तक सांगत होतं की संस्थेला उत्पन्नाचा कायमचा स्रोत हवा. नानौतवी नेमकं उलट सांगतात. चंदा वाढवण्याची काळजी सतत घ्यावी, विद्यार्थ्यांचं जेवण सुरू राहील आणि वाढेल हे बघावं. पण जोपर्यंत मदरशाला खात्रीचं उत्पन्न नाही, तोपर्यंतच तो नीट चालेल, असं त्यांचं म्हणणं. जहागीर, कारखाना, व्यापार किंवा एखाद्या अमिराचं पक्कं वचन मिळालं, की अल्लाहकडे हात पसरण्याची भीती आणि आशा संपेल, आणि चालवणाऱ्यांमध्ये भांडणं लागतील. सरकारचा आणि धनवानांचा सहभाग त्यांना घातक वाटत होता. ज्यांना नाव नको त्यांचाच चंदा बरकतीचा, हेही त्यांनी लिहून ठेवलं.

आठांपैकी एका कलमात विद्यार्थ्याच्या जेवणाचा स्वतंत्र उल्लेख आहे, तिकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही. इमारतीचं कलम नाही, जेवणाचं आहे. इमारतीची पायाभरणी दहा वर्षांनी, १८७६ मध्ये झाली. तोवर वर्ग मशिदींत आणि भाड्याच्या जागेत भरत होते.

गंमत अशी की पैसा सरकारचा नको म्हणणाऱ्यांनी पद्धत मात्र बरीचशी सरकारी कॉलेजांची घेतली. नानौतवींचे उस्ताद मौलाना ममलूक अली दिल्ली कॉलेजात अरबी शिकवायचे, आणि ते कॉलेज इंग्रजांच्या देखरेखीखाली होतं. इयत्ता, ठरलेला अभ्यासक्रम, हजेरी, वार्षिक परीक्षा, बक्षिसाची पुस्तकं, समारंभ, छापील अहवाल, हे सगळं देवबंदमध्ये आलं. या वार्षिक अहवालात देणगीदारांची नावं छापत. रोख देणारे असत, तसे पुस्तकं, कपडे, धान्य, शिजवलेलं अन्न देणारेही असत. सुरुवातीच्या यादीत हिंदू देणगीदारांची नावंही सापडतात. १८८० मध्ये टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली आणि दूरच्या माणसालाही रुपया-दोन रुपये पाठवणं सोपं झालं. इंग्रजांच्या टपालाने आणि रेल्वेने इंग्रजांपासून अलिप्त राहणारा मदरसा उभा केला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

आता विद्यार्थ्याकडे येऊ. पहिल्या वर्षांत बाहेरगावाहून येणाऱ्या मुलासाठी वसतिगृह नव्हतं. तो मशिदीच्या हुजऱ्यात झोपायचा. जेवण गावातली घरं द्यायची. एखादं घर एका विद्यार्थ्याचं जेवण आपल्या अंगावर घ्यायचं, सुखवस्तू घर दोघा-तिघांचं. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पुण्यात गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवत, माधुकरी मागत, आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी आत्मचरित्रात त्या पंगतीतला मान-अपमान लिहून ठेवलाय. रयतच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी कर्मवीर भाऊराव पाटील गावोगाव धान्य मागत फिरले. परक्याच्या घासावर शिकण्याची परंपरा आपल्या मातीत जुनी आहे, फक्त एकमेकांच्या परंपरेची आपल्याला माहिती नसते.

सगळे विद्यार्थी गरीब होते, हाही गैरसमजच. मौलाना अशरफ अली थानवी १८७८ च्या सुमारास देवबंदला आले ते खात्यापित्या घरातून. गावात त्यांचे नातलग होते, ते जेवायला बोलवत. थानवींनी वडिलांना पत्र लिहून विचारलं. वडिलांचं उत्तर असं की तुला शिकायला पाठवलंय, नातेवाईकी सांभाळायला नाही. मग जाणं बंद. उबैदुल्लाह सिंधी १८८८ मध्ये आले, ते सियालकोट जिल्ह्यातल्या शीख घरात जन्मलेले, किशोरवयात इस्लाम स्वीकारून घर सोडलेले. त्यांच्या पाठीशी ना घर ना पैसा. हुसैन अहमद मदनी १८९२ मध्ये आले तेव्हा तेरा वर्षांचे, वडील शाळामास्तर. त्यांना सुरुवातीची लहान पुस्तकंसुद्धा महमूद हसन यांनी स्वतः शिकवली, आणि तेव्हा महमूद हसन मदरशाचे मुख्य उस्ताद होते, वरचे वर्ग घ्यायचे. मास्तराचा मुलगा, जमीनदाराचा मुलगा आणि घर सोडून आलेला मुलगा एकाच सतरंजीवर, एकाच पुस्तकाच्या दोन-तीन प्रती फिरवून शिकतात, हे फी असती तर घडलं नसतं.

पुस्तकं मदरशाच्या कुतुबखान्यातून वर्षभरासाठी मिळत आणि वर्षअखेर परत द्यावी लागत. ही पद्धत अजून आहे. एखाद्या पानाच्या कडेला तीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याने बारीक अक्षरात केलेली खूण सापडते. आमच्या शाळेतही मोफत पाठ्यपुस्तकं येतात, पण ती मुलं वर्ष संपल्यावर रद्दीत घालतात, आणि मला प्रत्येक वेळी त्या कुतुबखान्याची आठवण होते.

थानवींच्या काळातली आणखी एक आठवण अशी. शिक्षण संपलं, दस्तारबंदी म्हणजे पगडी बांधण्याचा समारंभ ठरला. थानवी आणि त्यांचे सोबती मौलाना याकूब नानौतवींकडे गेले आणि म्हणाले, हा समारंभ रद्द करा, आमची लायकी नाही, मदरशाची बदनामी होईल. मौलाना याकूबनी त्यांना समजावलं की इथं उस्तादांसमोर आहात म्हणून स्वतःला लहान समजताय, बाहेर पडलात की तुमची किंमत तुम्हाला कळेल. हे मौलाना याकूब आधी सरकारी शिक्षण खात्यात अधिकारी होते. चांगली नोकरी सोडून ते कमी पगारावर देवबंदला आले होते. स्वतः नानौतवी मदरशाकडून पगार घेत नसत. मेरठ-दिल्लीच्या छापखान्यांत मुद्रितं तपासून पोट भरत.

शिकणाऱ्याची फी पहिल्यांदा कोणी भरली, तर उस्तादांनी, आणि त्यामागे फिकहचं एक कलम आहे, ज्याच्याबद्दल चंदा देणारेही विचार करत नाहीत. हनफी मतानुसार जकात गरीब माणसाच्या मालकीची करून द्यावी लागते. तिच्यातून इमारत बांधता येत नाही, कोणाचा पगार देता येत नाही. आणि आपल्या समाजात सर्वांत जास्त पैसा जकातीच्या रूपातच निघतो. म्हणजे विद्यार्थ्याच्या ताटात पैसा सहज येतो, उस्तादाच्या खिशात येत नाही. पगारासाठी वेगळी, ऐच्छिक देणगी लागते, आणि तिथं आपला हात आखडता. मदरसे यातून वाट काढतात, त्याला हीला म्हणतात, आणि त्यावर उलेमांमध्येच वाद आहेत. सय्यद घराण्यातल्या मुलाला जकात चालत नाही, त्याच्या जेवणाची सोय दुसऱ्या खात्यातून करावी लागते. मदरशाच्या हिशेबनीसाचं काम वाटतं तितकं सोपं नाही.

मनाझिर अहसन गिलानी हे बिहारचे. टोंकमध्ये मंतिक आणि फलसफा शिकून ते १९१३ च्या सुमारास देवबंदला आले, तेव्हा बऱ्यापैकी तयार झालेले विद्यार्थी होते. पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. देवबंदच्या दिवसांवर त्यांनी 'इहाता-ए-दारुल उलूम में बीते हुए दिन' हे पुस्तक लिहिलं. उर्दू वाचता येणाऱ्यांनी ते जरूर मिळवावं. महमूद हसन आणि अन्वर शाह काश्मीरी यांच्या हदीसच्या वर्गांत तर्कशास्त्रात मुरलेल्या एका तरुणाचं काय झालं, ते त्यात आहे. या शेवटच्या वर्षाला दौरा-ए-हदीस म्हणतात. बुखारी, मुस्लिम, तिरमिजी अशी हदीसची मोठी पुस्तकं एका वर्षात होतात, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत. मदरशाचं स्वतःचं स्वयंपाकघर, ज्याला मतबख म्हणतात, तेही याच आसपासच्या काळात सुरू झालं. गावातल्या घरांशी असलेलं जेवणाचं नातं त्यानंतर हळूहळू सुटलं. सोय झाली खरी. पण आपल्याला जेवू घालणाऱ्या बाईचा आवाज ओळखणारा विद्यार्थी आणि खिडकीवर तिकीट दाखवून रोटी घेणारा विद्यार्थी यांच्या कर्जाच्या जाणिवेत फरक पडतोच.

आणि नानौतवींची कलमं? ती पूर्णपणे पाळली गेली असं कोणी म्हणू नये. हैदराबाद आणि भोपाळ संस्थानांची मदत यायला लागली. १९१५ मध्ये संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स मेस्टन मदरशाला भेट देऊन गेले, आणि त्या काळात मदरशाचे मोहतमिम हाफिज मुहंमद अहमद, म्हणजे खुद्द नानौतवींचे पुत्र, यांना सरकारकडून शम्सुल उलमा हा किताब मिळाला. मदरसा वाचवण्यासाठी ते करावं लागलं असं त्यांचे समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्य असेलही. पण त्याच वर्षी डाळिंबाखालचा पहिला विद्यार्थी, महमूद हसन, हिजाजला निघाला होता. रेशमी रुमालाचा कट म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्रकरणात इंग्रजांनी त्याला पकडलं आणि माल्टाच्या बंदिवासात १९२० पर्यंत ठेवलं. सोबत हुसैन अहमद मदनी होते. एका बाजूला किताब, दुसऱ्या बाजूला कैद, आणि दोन्ही एकाच आवारातून निघालेले.

माल्टाहून परतल्यावर महमूद हसन काही महिनेच जगले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्ये जामिया मिल्लियाची स्थापना त्यांच्या हस्ते झाली. प्रकृती इतकी खालावलेली की त्यांचं भाषण शब्बीर अहमद उस्मानींनी वाचून दाखवलं. महिन्याभरात त्यांचं निधन झालं. जामियाही सरकारी पैसा नाकारूनच उभी राहिली, आणि तिची फी कोणी भरली ते बघा. १९२८ मध्ये झाकिर हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शपथ घेतली की वीस वर्षं जामियाची सेवा करू आणि महिन्याला दीडशे रुपयांपेक्षा जास्त घेणार नाही. त्यांतले काही जण जर्मनीतून डॉक्टरेट घेऊन आलेले होते. पुढे जामिया केंद्रीय विद्यापीठ झाली, तिला पगार आले, मान्यता आली. देवबंदने ती वाट घेतली नाही. १९८० च्या सुमारास सत्तेवरून तिथं असा वाद पेटला की शिकवणं बंद पडलं, विद्यार्थी तंबूत राहिले, आणि १९८२ मध्ये संस्थेची दोन शकलं झाली. भांडणाचं नानौतवींनी लिहून ठेवलेलंच होतं.

एक गोष्ट मात्र नानौतवींनी लिहिली तशी घडली नाही. १८७४ च्या सुमारास पगडी समारंभात बोलताना त्यांनी सांगितलं होतं की आधुनिक विषय इथं शिकवत नाही, कारण त्यांच्यासाठी सरकारी शाळा भरपूर आहेत. इथलं पूर्ण करून विद्यार्थ्यांनी तिकडे जावं. म्हणजे त्यांच्या मनात मदरसा हे शेवटचं स्टेशन नव्हतं. पण पुढची गाडी आलीच नाही. सनद घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला समाजाने एकच काम ठेवलं, इमामत नाहीतर मकतबमधली मुलं. आणि पगार? तो किती आहे ते प्रत्येक मोहल्ल्याच्या कमिटीला ठाऊक आहे, मी इथं आकडा कशाला लिहू. माझी बीएडची फी मी एकदा भरली आणि मोकळा झालो. मदरशातून आलेला आमचा इमाम त्याची फी अजून भरतोय, दर महिन्याला, आणि आपण ती वसूल करतोय. त्याने घासाघीस केली तर 'दीनचं काम आहे' हे त्याला ऐकवणारे आपणच.

महाराष्ट्रात या कोंडीतून वाट काढण्याचा मोठा प्रयत्न झाला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याला. मौलाना गुलाम मुहंमद वस्तानवींनी १९७९ मध्ये तिथं जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केलं. सातपुड्याच्या पायथ्याशी, आदिवासी भागात, साध्या जागेतून. हिफ्ज आणि आलिमच्या वर्गांच्या शेजारी शाळा, आयटीआय, फार्मसी, अभियांत्रिकी, बीएड अशी रांग लागली, आणि जालना जिल्ह्यात बदनापूरला वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. २०११ च्या जानेवारीत वस्तानवींना देवबंदचे मोहतमिम नेमलं गेलं. गुजरातबाबतच्या त्यांच्या वक्तव्यावरून गदारोळ झाला आणि जुलैमध्ये त्यांना पद सोडावं लागलं. त्या वक्तव्याशी सहमत नसणारे आपल्यात पुष्कळ होते, मीही होतो. पण त्या गदारोळात दुसरी एक चर्चा बुडाली: अक्कलकुव्याचा नमुना देवबंदला कितपत लागू पडेल? मे २०२५ मध्ये वस्तानवींचं निधन झालं, ती चर्चा राहूनच गेली.

आज देवबंदला शव्वालमध्ये प्रवेश परीक्षा असते आणि देशभरातून हजारो मुलं येतात. चांगले गुण मिळाले तर प्रवेश 'इमदादी', म्हणजे जेवणासह सगळं मदरशाकडून. कमी पडले तर 'गैर इमदादी', जेवणाचा खर्च आपला. फुकट म्हणतो ते असं स्पर्धेतून मिळतं. फाजिल झालेल्यांसाठी तिथं इंग्रजीचा स्वतंत्र विभाग आहे. दुसरीकडे जून २०२३ मध्ये शिकत असलेल्या विद्यार्थ्यांनी इंग्रजी वगैरेच्या मागे लागू नये अशी सूचना निघाली, बाहेर आरडाओरड झाली, आणि मग खुलासा आला की बाहेरच्या शिकवण्यांमुळे धड्यांकडे दुर्लक्ष होतं, म्हणून ते होतं. मी मास्तर आहे, मुलं दोन दगडांवर पाय ठेवतात तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे; पण दुसरा दगड त्यांना का लागतो, हेही माहीत आहे. अलीगढने २०१३ मध्ये मदरशातल्या मुलांसाठी ब्रिज कोर्स सुरू केला, हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ अनेक मदरशांच्या सनदा प्रवेशासाठी धरतं.

आमच्याकडे मात्र बहुतेकांची वाट सतरा नंबरच्या फॉर्मवरून जाते. आलिमचा कोर्स करता करता किंवा करून झाल्यावर मुलगा बाहेरून दहावीला बसतो. अरबीत शंभरपैकी नव्वद, उर्दूत ऐंशी, गणितात पस्तीसची मारामार. मराठीत तो अडतो ते व्याकरणात नाही, अर्जलेखनात; कोणाकडे काही मागायचं पत्र त्याला कधी लिहायला लागलेलं नसतं. फॉर्म भरायची मुदत मंडळ दर वर्षी जाहीर करतं. ओळखीतला कोणी मदरशात शिकत असेल तर ती त्याच्यापर्यंत पोहोचवा, आणि परीक्षेचं शुल्क त्याच्याकडून घेऊ नका. तेवढं जकातीतून देता येतं.